स्टीम लाइनवरचा बिनबॅटरीचा सेन्सर तासाभरात बंद पडतो? आधी थंड बाजू बघा

लक्षण असं असतं. साखर कारखान्यात ज्यूस हीटरच्या किंवा इव्हॅपोरेटरच्या (रस आटवणाऱ्या भांड्याच्या) स्टीम ट्रॅपजवळ (वाफेचं झालेलं पाणी बाहेर सोडून वाफ अडवणाऱ्या व्हॉल्व्हजवळ), एक्झॉस्ट वाफेच्या, म्हणजे टर्बाइनमधून बाहेर पडलेल्या वाफेच्या पाइपवर थर्मोइलेक्ट्रिक मॉड्यूल (तापमानातल्या फरकातून वीज करणारी चकती) बसवून त्यावर चालणारा छोटा बिनतारी सेन्सर लावलेला आहे. बॅटरी नाही, वायरिंग नाही. बॉयलर पेटला, लाइनमध्ये वाफ आली की दहा-पंधरा मिनिटांत गेटवेवर (सेन्सरचे संदेश गोळा करणाऱ्या यंत्रावर) रीडिंग यायला लागतात. सगळे खूश. मग तासाभरात रीडिंग बंद. पाइप तर हात लावता येणार नाही इतका तापलेला. मिल चोकअप झाली, वाफ थांबली, पाइप निवला, पुन्हा वाफ सोडली की सेन्सर परत थोडा वेळ जागा होतो आणि परत झोपतो.

दुसरा प्रकार याच्या उलटा. दोन-तीन महिने बिनतक्रार चाललेला सेन्सर एखाद्या बंदनंतर उठतच नाही. पाइप गरम, बोर्ड शाबूत, तरी मुका.

सांगली-सातारा पट्ट्यातल्या कारखान्यांत इन्स्ट्रुमेंट विभागात काम करणाऱ्यांकडून या दोन्ही तक्रारी दर गाळप हंगामात ऐकू येतात आणि दर वेळी निदान एकच होतं: ‘मॉड्यूल गेलं.’ नवं मॉड्यूल मागवलं जातं, बसवलं जातं, ते पहिल्या दिवशी चालतं आणि पुन्हा तेच. मॉड्यूल बहुतेक वेळा गेलेलं नसतं. पाणी मुरतंय ते थंड बाजूला.

हे सेन्सर नीट चालावेत असं मला मनापासून वाटतं, त्याला कारण आहे. उघडा अडकलेला ट्रॅप डोळ्यांना दिसत नाही, पण वाफ गिळत राहतो. वाफ म्हणजे बॉयलरमध्ये जळणारा उसाचा भुसा आणि सहवीजनिर्मिती असलेल्या कारखान्यात भुसा म्हणजे विकता येणारी वीज. प्रत्येक ट्रॅपवर वायर ओढणं बॉयलिंग हाऊसमध्ये, म्हणजे रस आटवण्याच्या विभागात, टिकत नाही. ओल असते, रसाचे शिंतोडे असतात आणि ऑफ सीझनला गॅस कटिंग करताना केबल हमखास कापली जाते. बॅटरीला तिथली उष्णता मानवत नाही. तेव्हा पाइपचीच वाया जाणारी उष्णता वापरायची ही कल्पना अगदी रास्त आहे.

मॉड्यूलला उष्णता नको, उतार हवा

१८२१ साली सीबेकने दोन वेगवेगळ्या धातूंचा जोड केला, एक सांधा तापवला, दुसरा थंड ठेवला आणि शेजारची होकायंत्राची सुई हलली. आजच्या मॉड्यूलमध्ये हेच आहे. धातूंच्या जागी बिस्मथ टेल्युराइड आणि ४० बाय ४० मिलिमीटरच्या चकतीत अशा १२७ जोड्या एकापुढे एक. दोन तोंडांच्या तापमानात एक अंशाचा फरक पडला की अशा मॉड्यूलमधून साधारण ४५ मिलिव्होल्ट मिळतात. पाइप १२० अंशांवर असो की १८०, थंड तोंडही तितकंच तापलं तर हाती शून्य. कोयनेचं पाणी शिवसागरात उंचावर साठलंय म्हणून वीज होत नाही. ते सह्याद्रीच्या पोटातून पोफळीकडे खाली पडतं आणि पुढे वाहून जातं म्हणून होते.

आता पहिलं लक्षण उलगडतं. वाफ आली तेव्हा हीटसिंक (मॉड्यूलच्या थंड तोंडावरचा, उष्णता हवेत टाकणारा पातीदार तुकडा) थंड होता, म्हणून फरक भरपूर मिळाला आणि सेन्सरची वीज साठवणारा सुपरकपॅसिटर भरला. साताठशे ग्रॅमचा नाही, तीनशे ग्रॅमचाच अ‍ॅल्युमिनियमचा हीटसिंक धरा. तो तापून स्थिर व्हायला दहा-पंधरा मिनिटं पुरतात. त्यानंतर त्याला उष्णता हवेत टाकता आली नाही तर फरक मिटतो आणि सेन्सर साठवणीवर जगायला लागतो. ०.४७ फॅरडचा कपॅसिटर ४ व्होल्टवरून २.८ व्होल्टपर्यंत उतरताना १.९ ज्यूल देतो. लोरा (लांब पल्ल्याचा, कमी विजेवर चालणारा) रेडिओ एसएफ१२ वर, म्हणजे सगळ्यात संथ दरावर, चालत असेल तर एक छोटा संदेश हवेत जायला सुमारे १.३ सेकंद लागतात. ४० मिलिअँपिअर आणि ३.३ व्होल्ट धरले तर एका संदेशाला ०.१७ ज्यूल. दर पाच मिनिटांनी संदेश म्हणजे तासाला बारा, म्हणजे जवळपास २ ज्यूल. तासाभरात का बंद पडतो, ते हिशेबातच आहे. तो तास मॉड्यूलच्या जिवावर नाही, कपॅसिटरच्या जिवावर काढलेला असतो.

मल्टिमीटर घेऊन पाइपपाशी जा

पाइपचं तापमान मोजून काही कळत नाही. लाइन स्थिर गरम झाल्यावर, म्हणजे वाफ सुरू होऊन अर्धा-पाऊण तास झाल्यावर, मॉड्यूलच्या दोन्ही वायरी बोर्डावरून सोडवा. बोर्डाला जोडलेल्या असताना मोजू नका, कारण बोर्ड मुद्दाम ते व्होल्टेज खाली धरून ठेवतो. मिनिटभर थांबा आणि डीसी व्होल्ट बघा. त्याला ४५ मिलिव्होल्टने भागलं की तोंडांमधला खरा फरक अंशांत मिळतो. मग मीटर १० अँपिअरच्या रेंजला टाकून क्षणभर शॉर्ट सर्किट करंट घ्या. व्होल्टेज भागिले करंट म्हणजे आतला रोध. नव्या मॉड्यूलला तो दोन ओहमच्या आसपास असतो, मीटरच्या वायरींचा थोडा त्यात मिळतो.

व्होल्टेज कमी, पण रोध ठीक असेल तर मॉड्यूल धडधाकट आहे, गडबड उष्णतेच्या वाटेत आहे. व्होल्टेज चांगलं, पण रोध दुप्पट-तिप्पट झाला असेल तर आतले सांधे तडकलेत आणि तेव्हाच मॉड्यूल बदला. दोन्ही ठीक असतील तर बोर्डाकडे वळा. एवढ्या दोन आकड्यांवर निम्म्याहून जास्त तक्रारींचा निकाल जागच्या जागी लागतो, म्हणून ते घेतल्याशिवाय पाना हातात घेऊ नये.

लॅगिंगखाली गाडलेला हीटसिंक

पहिल्या प्रकारच्या तक्रारीत सगळ्यात जास्त वेळा सापडणारं कारण हेच: पाइपवरच्या लोकरीच्या आवरणात, म्हणजे लॅगिंगमध्ये, हीटसिंक झाकला जाणं. वाळवा तालुक्यातल्या एका कारखान्यातलं उदाहरण डोळ्यांसमोर आहे. सेन्सर आदल्या हंगामात चालला होता, नव्या हंगामात पहिल्याच आठवड्यात मुका. वर पाहिलं तर पाइपचं क्लॅडिंग, म्हणजे लॅगिंगवरचा पत्रा, चकचकीत, नवं कोरं. सेन्सरचा डबा बाहेर लटकतोय, पण हीटसिंक कुठे दिसेना. लॅगिंगचं काम करणाऱ्या मामांना विचारलं तर म्हणाले, “साहेब, तिथं लॅगिंग फाटून आतलं अ‍ॅल्युमिनियम बाहेर आलं होतं. चांगलं दाबून बसवलं आणि वरनं पत्रा मारला.” पत्रा उचकटला. आत लोकरीत हीटसिंक गच्च रुतलेला, पाती पिवळसर लोकरीने भरलेली. मीटरवर ९० मिलिव्होल्ट, म्हणजे जेमतेम दोन अंशांचा फरक.

मामांनी आपलं काम चोखच केलं होतं. उघडा तापलेला धातू झाकणं हेच लॅगिंगवाल्याचं काम. त्यामुळे उपाय आपण रचनेत करायचा. पाइप आणि मॉड्यूल यांच्यामध्ये अ‍ॅल्युमिनियमचा ठोकळा घाला, लॅगिंगच्या जाडीपेक्षा थोडा उंच, म्हणजे मॉड्यूल आणि हीटसिंक दोन्ही क्लॅडिंगच्या बाहेर राहतात. ठोकळ्याचं तळ पाइपच्या गोलाईला मिळून आलं पाहिजे. ६ इंची पाइपचा बाहेरचा व्यास १६८.३ मिलिमीटर असतो, तेवढी गोलाई कुपवाड एमआयडीसीतल्या कुठल्याही बऱ्या वर्कशॉपमध्ये मारून मिळते. सपाट ठोकळा गोल पाइपवर बसवला तर तो एका रेघेवरच टेकतो, बाकी हवा. खालचा रंग आणि गंज पॉलिश पेपरने काढा. आणि हीटसिंकवर ठळक अक्षरात लिहा: ‘झाकू नये’. ऑफ सीझनला लॅगिंगचं काम ठेकेदाराकडे जातं, त्याची माणसं दर वर्षी नवी असतात. तोंडी निरोप त्यांच्यापर्यंत पोचत नाही, पाटी पोचते.

हीटसिंकची पाती उभी हवीत, म्हणजे हवा खालून वर वाहते. आडव्या पाइपवर तो माथ्यावर बसवण्यापेक्षा बाजूला बसवलेला बरा, नाहीतर पाइपवरून उठणारी गरम हवाच त्याला मिळते.

भुशाची बारीक धूळ आणि न उठणारा सेन्सर

आता दुसरा प्रकार, जो मला जास्त महत्त्वाचा वाटतो, कारण त्यात सेन्सर महिनोन्महिने चालतो आणि बिघाड आतल्या आत पिकत राहतो.

थोडा हिशेब लागेल. उष्णतेला वाटेत होणारा अडथळा ‘अंश प्रति वॅट’मध्ये मोजतात. मॉड्यूलचा १.७ धरा, दोन्ही बाजूंना लावलेल्या, उष्णता वाहणाऱ्या पेस्टचा मिळून ०.६, बऱ्या हीटसिंकचा ५. बेरीज ७.३. पाइप १२० अंश, बॉयलिंग हाऊसमधली हवा ४० अंश, म्हणजे एकूण ८० अंशांचा उतार. त्यातला मॉड्यूलच्या वाट्याला येतो सुमारे १८.६ अंश, म्हणजे उघड्या वायरींवर ०.८४ व्होल्ट. बाकीचा सगळा उतार बहुतांशी हीटसिंक खातो. चांगल्या बसवणुकीतही अशी वाटणी असते, म्हणून हीटसिंकवर पैसे वाचवू नयेत.

जानेवारी उजाडेपर्यंत पात्यांच्या मध्ये भुशाची धूळ बसते. नुसती कोरडी असती तर फुंकून गेली असती, पण वाफेची ओल आणि रसाचा अंश लागून तिचा पापुद्रा होतो, नखाने खरवडला तरच निघतो. हीटसिंकचा अडथळा ५ वरून १५ वर गेला असं समजा. मॉड्यूलच्या वाट्याला आता ८ अंशही येत नाहीत आणि उघडं व्होल्टेज उतरतं ०.३५ वर.

तरी सेन्सर चालूच राहतो! ०.३५ व्होल्ट आणि २ ओहममधून कागदावर १५ मिलिवॅट निघतात. बोर्डाने त्यातले निम्मे वाया घालवले तरी सेन्सरची सरासरी गरज एसएफ१२ वरही ०.६ मिलिवॅटच्या आसपास. कोणाला काही कळत नाही. पण बोर्डावरची, मॉड्यूलची वीज गोळा करणारी बीक्यू२५५७० सारखी चिप एकदा चालू झाली की १०० मिलिव्होल्टवरही ऊर्जा गोळा करते, मात्र साठवण पूर्ण रिकामी असताना शून्यातून उठायला तिला सुमारे ६०० मिलिव्होल्ट लागतात. म्हणजे ऊस कमी पडला, कारखाना दोन दिवस थांबला, कपॅसिटर रिकामा झाला की खेळ संपला. वाफ परत आली तरी ०.३५ व्होल्टवर ती चिप उठणार नाही. बिघाड बंदच्या दिवशी दिसतो, पण झालेला असतो महिनाभर आधी. वीज पुरेशी आहे, व्होल्टेज पुरेसं नाही, इथेच घोडं अडतं.

पहिला उपाय साधा. दर पंधरवड्याला, क्लीनिंगच्या बंदला, तारेचा ब्रश आणि गरम पाणी. पात्यांमधली फट निदान ८-१० मिलिमीटरची निवडा. दाट पात्यांचा संगणकातला हीटसिंक पंख्याच्या हवेसाठी केलेला असतो, इथे तो लवकर बुजतो.

दुसरा उपाय म्हणून बरेच जण दोन मॉड्यूल शेजारी-शेजारी लावून सीरिजमध्ये जोडतात आणि व्होल्टेज दुप्पट होईल अशी अपेक्षा ठेवतात. तसं होत नाही. शेजारी लावल्यावर उष्णतेला वाट दुप्पट रुंद मिळते, हीटसिंक आणखी तापतो आणि प्रत्येकाच्या वाट्याचा फरक जवळजवळ निम्मा होतो. वरच्याच आकड्यांत, बुजलेल्या हीटसिंकसकट, ०.३५ चे जेमतेम ०.३८ व्होल्ट होतात. तीच दोन मॉड्यूल एकावर एक ठेवा, मध्ये पेस्ट, वायरी सीरिजमध्ये. तेव्हा ०.६३ व्होल्ट मिळतात आणि चिप उठते. स्वच्छ हीटसिंकवर तर १.३ व्होल्ट. खर्च तोच, मांडणी वेगळी.

जिथे मोठा हीटसिंक बसवायला जागाच नाही, म्हणजे कंडेन्सेटच्या बारीक लाइनवर, तिथे एलटीसी३१०८ ही चिप घ्या. १ ला १०० ट्रान्सफॉर्मर जोडला की ती २० मिलिव्होल्टवर उठते. तिची कार्यक्षमता कमी आहे, पण न उठणाऱ्या कार्यक्षम चिपपेक्षा ती बरी.

बोर्डाकडच्या गोष्टी

बाजारात मिळणारे बरेच तयार बोर्ड सौर पॅनेलसाठी सेट केलेले असतात. सौर पॅनेल उघड्या व्होल्टेजच्या ८० टक्क्यांवर जास्तीत जास्त वीज देतं, थर्मोइलेक्ट्रिक मॉड्यूल ५० टक्क्यांवर. बीक्यू२५५७० मध्ये व्हीओसी-सॅम्प ही पिन व्हीस्टोरला (चिपच्या साठवणीच्या पिनला) जोडलेली असेल तर ८० टक्के, ग्राउंडला जोडलेली असेल तर ५० टक्के. ८० वर ठेवलं तर मिळू शकणाऱ्या विजेतली जवळपास एक तृतीयांश हातची जाते. भिंग लावून ती पिन कुठे गेली आहे ते बघा.

रेडिओ एसएफ१२ वर का अडकलाय, हेही बघा. बॉयलिंग हाऊस म्हणजे पोलादाचं जंगल. साखर शिजवण्याच्या पॅनच्या मागे लावलेल्या सेन्सरचा सिग्नल गेटवेपर्यंत नीट पोचत नाही आणि मग नेटवर्क त्याला सगळ्यात संथ दरावर नेऊन ठेवतं. अँटेना पॅनच्या आडोशातून काढून वर घेतली आणि एसएफ७, म्हणजे बराच वेगवान दर, जमला तर तोच संदेश ०.१७ ज्यूलऐवजी ०.०१ ज्यूलच्या आत जातो. इतका फरक मॉड्यूल बदलून कधीच मिळणार नाही.

सेन्सर उठतो, रेडिओ चालू करतो आणि लगेच कोसळतो, पुन्हा उठतो, पुन्हा कोसळतो, असं दिसलं तर दोन गोष्टी करा. व्हीबॅट-ओके पिनची मर्यादा अशी ठेवा की कपॅसिटर ३.८ व्होल्टपर्यंत भरल्याशिवाय सेन्सरला वीज मिळणारच नाही आणि २.८ ला ती तुटेल. मधलं अंतर हेच त्याचं भांडवल. आणि नेटवर्कमध्ये सामील होण्याची देवाणघेवाण प्रत्येक वेळी नव्याने करू नका. त्यात उत्तराची वाट बघण्यात रेडिओ जागा राहतो आणि उत्तर चुकलं की सगळं पहिल्यापासून. एकदा मिळालेल्या सांकेतिक चाव्या आणि संदेशांचा क्रमांक कायमस्वरूपी मेमरीत साठवा.

सुपरकपॅसिटर पाइपला लागून असलेल्या डब्यात ठेवू नका. सर्वसाधारण सुपरकपॅसिटरची मर्यादा ६५ अंश असते आणि दर १० अंश वाढीला आयुष्य साधारण निम्मं होतं, असा ठोकताळा आहे. हंगामाच्या शेवटी साठवण अर्ध्यावर आलेली दिसली तर डबा कुठे टांगलाय ते आधी बघा. हातभर लांब, पाइपच्या खालच्या बाजूला टांगा. वायर मात्र जाड घ्या, कारण दोन ओहमच्या मॉड्यूलला अर्ध्या ओहमची वायरही जड जाते.

बोल्ट, पेस्ट आणि पेल्टियर

मॉड्यूल १० किलो प्रति चौरस सेंटीमीटरच्या आसपास दाबून बसवावं लागतं. बोल्ट साध्या पोलादाचे असतील तर तेच गरम बाजूची उष्णता थेट हीटसिंकला नेऊन देतात. स्टेनलेसचे घ्या, ते जवळपास एक तृतीयांशच उष्णता वाहतात, आणि खाली फायबरचं वॉशर टाका. वर बशीच्या आकाराचं स्प्रिंग वॉशर हवं, कारण पाइप रोज तापतो-निवतो आणि साधा नट दोन महिन्यांत सैल पडतो. पांढरी पेस्ट या तापमानाला सुकून खडूसारखी होते. तिच्याऐवजी ग्राफाइटची चकती टाकली तर दर हंगामाला उघडायची गरज राहत नाही.

पुण्याच्या तपकीर गल्लीत स्वस्तात मिळणारं टीईसी१-१२७०६ हे थंड करण्यासाठीचं पेल्टियर आहे. चालतं तेही, पण त्यातलं सोल्डर १३८ अंशांना वितळतं. २ बार निरपेक्ष दाबाच्या संपृक्त वाफेवर, म्हणजे १२० अंशांवर, ते तग धरेल. टर्बाइनमधून नुकतीच बाहेर पडलेली, अजून डीसुपरहीट न झालेली (पाणी फवारून तापमान न उतरवलेली) वाफ त्याहून गरम असते, तिथे त्याचे सांधे सुटतात. तशा जागी २०० अंशांपुढे चालणारं, वीजनिर्मितीसाठी बनवलेलंच मॉड्यूल लावा. बॉयलरच्या लाइव्ह स्टीमच्या लाइनवर यातलं काहीच लावू नका.

उघड्यावरच्या पाइपसाठी एक वेगळी काळजी घ्यावी लागते. मार्च-एप्रिलमध्ये कारखाना थांबलेला असताना उन्हाने हीटसिंक पाइपपेक्षा जास्त तापतो आणि वायरींवरचं व्होल्टेज उलटं होतं. दोन्ही दिशांनी चालणारी एलटीसी३१०९ ही चिप असेल तर त्यातूनही वीज मिळते. नसेल तर हीटसिंकवर पत्र्याची सावली करा, बाजू मोकळ्या ठेवून.

आणि गेटवेवरच्या सॉफ्टवेअरमध्ये हे एवढं बदलून घ्या: एक्झॉस्ट हेडरचा (एक्झॉस्ट वाफेच्या मुख्य पाइपचा) प्रेशर ट्रान्समीटर शून्य दाखवत असेल तेव्हा सेन्सर गप्प असणं हा बिघाड धरू नये. अलार्म तेव्हाच वाजावा, जेव्हा हेडरला तासाभरापेक्षा जास्त वेळ प्रेशर आहे आणि सेन्सर बोलत नाही. शिवाय प्रत्येक संदेशासोबत कपॅसिटरचं आणि मॉड्यूलचं व्होल्टेज पाठवायला लावा. मॉड्यूलचा आकडा आठवड्यागणिक उतरताना दिसला की पात्यांवर भुसा बसतोय, हे बंद पडण्याआधीच कळेल आणि त्याच क्लीनिंगला ब्रश मारता येईल.